आधी तुम्ही विचारा

वरची खोली भाड्याने द्यायची म्हटलं की आईच्या अटी ठरलेल्या असायच्या. माणूस मराठी हवा, एकटा हवा, मांस-मच्छी नको आणि पाहुणे तर अजिबात नकोत. जबलपूरच्या चेरीतालात या अटींवर कोण येणार? त्यामुळे खोली रिकामी पडून होती आणि आई आपल्या अटींवर खूश होती.

एका रविवारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. वय पन्नाशी उलटलेलं, अंगाने ठेंगण्या, सुती साडी आणि साडीखाली मुलं खेळायला घालतात तसले पांढरे बूट. एका काखेत पुरुषी काळी छत्री, दुसऱ्या हातात वेताचा मोढा. म्हणजे बसायचा तो बुटका, गोल मोढाच, दुसरं काही नाही. घरात धडधाकट सोफा असताना त्यांनी तो मोढा आईच्या खुर्चीसमोर मांडला, त्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "विचारा."

आई गडबडली. "तुम्हालाच खोलीचं काही विचारायचं असंल ना?"

"माझं नंतर. आधी तुम्ही विचारा."

आईला असं आमंत्रण आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. तिने पदर खोचला आणि गाव, जात, शिक्षण, भाऊबंद असं एकेक करत सगळं काढून घेतलं. बाई अमरावतीकडच्या. भाऊ एकच, त्याच्याशी आंब्याच्या झाडावरून भांडण. शेवटी आईने भीत भीत विचारलं, "लग्न काहून नाही केलं?"

"ठरून राहिलं होतं. मुलाने विचारलं, स्वयंपाक येतो का? मी म्हटलं, येतो, पण तुम्हाला आवडंल असा नाही. खरं तेच सांगितलं. तो उठून गेला."

"बाप्पा!" आई म्हणाली.

"आणि मला बद्धकोष्ठ आहे," बाई म्हणाल्या. हे तर कुणी विचारलंही नव्हतं. मग त्यांनी आपला एकुलता एक प्रश्न विचारला, "नळ किती वाजता येतो?" आणि संध्याकाळी सामान घेऊन हजर झाल्या. आईला त्या पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणायला लागल्या. तेव्हा मला त्यांना आत्या म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आत्यांचं काम असं, की ज्यांना घर नाही अशा लोकांना भेटायचं. ते राहतात कुठे, खातात काय, आजारी पडले तर कोण बघतं, त्यांना जगणं कसं वाटतं, हे समजून घ्यायचं आणि भोपाळच्या एका संस्थेला लिहून पाठवायचं. आईने गल्लीत सांगून टाकलं की बाई सर्व्हे करतात. झालं. शेजारच्या काकू रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला आमच्याकडे आल्या आणि आत्यांना मोढ्यावर बसलेलं बघून त्यांच्यासमोर रांग लावून बसल्या, एकट्याच.

आत्यांच्या कामाचा एक नियम होता आणि तो त्या देवाच्या नेमासारखा पाळत. समोरचा माणूस आपल्याला काही विचारत नाही तोवर आपण त्याला काही विचारायचं नाही. फुटपाथवर, स्टेशनबाहेर, घाटावर, जिथे जातील तिथे मोढा मांडून नुसत्या बसायच्या. कधी दोन-दोन दिवस कुणी ढुंकून बघायचं नाही. आत्या शेंगदाणे-गूळ खात बसलेल्या.

"अहो, पण यात वेळ किती जातो!" मी एकदा म्हणाले. मी एका शाळेत गणित शिकवायचे, वेळ वाया गेला की माझा जीव खालीवर होतो.

"ज्याला घर नाही त्याला दिवसभर सगळे प्रश्नच विचारतात. नाव काय, गाव कोणतं, इथे काहून बसला. पोलीस विचारतो, दुकानदार विचारतो, खिचडी वाटणारा पण फोटो काढता काढता विचारतो. त्याला कुणाला काही विचारायची पाळीच येत नाही. ती आधी त्याला देऊ, मग आपलं बघू."

ऐकायला हे फार छान होतं. पण याचा परिणाम असा झाला, की जबलपुरातल्या सगळ्या बेघर माणसांना आत्यांची इत्थंभूत माहिती झाली. जो जे विचारेल त्याला त्या खरं उत्तर द्यायच्या. मी सकाळी शाळेला निघाले की कोपऱ्यावर आपल्या सायकलरिक्षात झोपणारा एक गृहस्थ ओरडायचा, "दीदी का पेट साफ हुआ?" एकाने इसबगोलाची पुडी आईच्या हातात आणून दिली आणि कोमट पाण्यातून द्यायला बजावलं. अमरावतीच्या आंब्याच्या झाडाचं काय झालं, ही चौकशी तर स्टेशनचे हमालही करायचे.

पाहुण्यांच्या अटीचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. कुणी मोबाइल चार्ज करायला यायचं, कुणी नळावर आंघोळीला. आईने जिन्याच्या तळाशी उभं राहून आवाज चढवला. तिचे गुडघे गेलेले. बाबा गेल्यापासून तिने जिना चढणं सोडलेलंच होतं, त्यामुळे आत्यांशी तिची सगळी भांडणं खालून वर व्हायची.

"ताई! ठरलं काय होतं आपलं? पाहुणे नाही म्हणजे नाही!"

आत्या वरच्या पायरीवर यायच्या. "वहिनी, हे पाहुणे कुठे आहेत? पाहुण्याला तुम्ही चहा करता. यांना कुठे केला?"

आई चिडायची आणि म्हणायची, "पुढच्या महिन्यात खोली सोडा." हे ती दर महिन्याला म्हणायची. आत्या दर महिन्याला "हाव" म्हणायच्या आणि आईसाठी खोव्याची जलेबी घेऊन यायच्या. जलेबी खाताना कुणाला कसं काय बाहेर काढणार?

भोपाळहून प्रश्न छापून यायचे. माणसाचं बरं चाललंय की नाही ते मोजायचे ते प्रश्न. आत्या ते आधी स्वतःवर आणि मग आईवर वापरून बघायच्या. ही तालीम आमच्या स्वयंपाकघरात चालायची.

"वहिनी, मागच्या आठवड्यात तुम्ही मनमोकळं कधी हसल्या?"

"तुम्ही राहायला आल्यापासून नाही."

"अडचणीच्या वेळी तुम्ही कुणाकडे जाता?"

"मी कुठे जाते? अडचण वर राहून राहिली, भाडं देऊन!"

आत्या हे तंतोतंत लिहून घ्यायच्या आणि वर "प्रश्न चांगला आहे, उत्तर मिळतं" असा शेरा मारायच्या.

आता तिलवाऱ्याची गोष्ट. नागपूरच्या रस्त्याला जिथे नर्मदा ओलांडतो, तिथल्या घाटावर काही माणसं कायमची वस्तीला होती. थंडी तोंडावर आली होती आणि संस्थेने रैनबसेऱ्यात, म्हणजे निराधारांच्या निवाऱ्यात, थोड्या खाटा मिळवल्या होत्या. खाटा कमी, माणसं जास्त. ज्यांचं सगळ्यात वाईट चाललंय त्यांना आधी, असं ठरलं. भोपाळहून शिडीचं चित्र आलं. माणसाने आपलं आयुष्य शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे ते बोटाने दाखवायचं. सगळ्यात वर सुख, सगळ्यात खाली दुःख.

ते चित्र घाटावर फुकट गेलं. एक म्हातारा म्हणाला, शिडी टेकवलीय कशाला ते दिसत नाही, पडलो म्हणजे? दुसऱ्याला वाटलं रंगकामाची मजुरी आहे. आणि भोपाळहून तर रोज फोन यायला लागला, आजच्या आज पाठवा, आजच्या आज पाठवा. आत्यांच्या डोक्यात मग लख्ख प्रकाश पडला. कागदी शिडी कशाला? घाटाला पायऱ्या आहेतच की! त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ज़िंदगी जितनी अच्छी लगती है, उतनी अच्छी सीढ़ी पर जाके बैठ जाओ."

आत्यांनी आधी विचारलं, असा त्यांच्या नोकरीतला तो एकच दिवस.

सगळे गेले आणि भराभर खाली बसले. कित्येकांनी पाय पाण्यात सोडले. वर, अगदी रस्त्याला लागून असलेल्या पायरीवर, एक म्हातारी तेवढी गाठोडं घेऊन बसून राहिली. आत्यांनी सगळं लिहून घेतलं, मी आकडे मांडून दिले, भोपाळला पाठवले. भोपाळवाले भारावून गेले. इतकं दुःख एका घाटावर त्यांना पूर्वी कधी सापडलं नव्हतं. खाटा जवळपास सगळ्यांना मंजूर झाल्या. राहिली फक्त ती म्हातारी. ती सगळ्यात सुखी निघाली ना!

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो होतो. पाटणचे मटार आले होते आणि आई ते सोलत होती. आत्या उदास होत्या. "माझं काही चुकून राहिलं काय? त्या लोकांशी बोलताना मला इतके दुःखी कधी वाटले नाहीत ते. गाणी म्हणतात, एकमेकांची टिंगल करतात. आणि बसायला गेले तर सगळे खालच्या पायरीवर!"

आईने शेंग फोडता फोडता विचारलं, "खालची म्हणजे? नर्मदामाईच्या जवळची?"

"हाव."

"मग दुःखी कुठे? अहो ताई, माईच्या घाटावर चांगली पायरी ती खालचीच. वर काय आहे? बस, ट्रक आणि धूळ. मी जाते तेव्हा गुडघे ओरडतात तरी खाली जाऊनच बसते." आणि आईला हसू फुटलं. मटार सांडले तरी ती हसतच होती. मागच्या कित्येक आठवड्यांचं मनमोकळं हसणं तिने तिथे भरून काढलं.

मीही हसले. आमच्या गावात वाढलेल्या कुणालाही हे कळलं असतं, मलासुद्धा, पण मला नुसते आकडे मिळाले होते. आत्या तर वऱ्हाडातल्या. त्यांच्या गावची नदी संक्रांतीनंतर क्रिकेटच्या कामाला यायची. त्यांना कुठून कळणार?

आत्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मग ती वरची?"

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. आकडे उलटे वाचायचे तर सगळ्या घाटावर एकच माणूस तळाला होतं, आणि त्यालाच आम्ही खाट नाकारली होती. सकाळपासून हवेत बोचरा गारठा होता. आत्यांनी डावा बूट उजव्या पायात घातला आणि तशाच निघाल्या. आईने मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं, शाल ओढली आणि म्हणाली, "रिक्षा बोलाव. मी पण येते. या बाईच्यानं एकटीनं काही होणार नाही."

म्हातारी तिथेच होती, वरच्याच पायरीवर. अंगावर एक विटका स्वेटर, मांडीवर गाठोडं, डोळे पुलाच्या रस्त्याकडे. आत्यांनी मोढा मांडला नाही. घाईत तो घरीच राहिला होता. त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि गप्प राहिल्या.

आत्यांचा हा नियम आईला माहीत नव्हता असं नाही, पण प्रत्यक्ष बघणं वेगळं. थोडा वेळ तिने कसाबसा काढला. मग ती कुजबुजली, "अहो, विचारा ना!"

आत्यांनी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की आई, माझी आई, चूप बसली. एक बस गेली. दोन ट्रक गेले. आईने आपली शाल काढून म्हातारीच्या खांद्यावर टाकली, कारण विचारायची बंदी होती, टाकायची नव्हती. म्हातारीने शाल चाचपून पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि शेवटी आपल्या बुंदेलीत आत्यांना विचारलं, "काए बिन्नू, अस्पताल वाली गाड़ी एई रस्ता से लौटत है का?"

मग सगळं बाहेर आलं. नवरा-बायको घाटावर दिवे विकायची. नवरा पायऱ्यांवरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. ही चहा आणायला गेली होती तेवढ्यात लोकांनी गाडी बोलावून त्याला उचलून नेलं. कोणत्या दवाखान्यात, कुणाला धड माहीत नाही. लोक म्हणाले, गाडी इथूनच गेली, म्हणजे इथूनच येईल. ती तेव्हापासून वर बसली होती. खालून रस्ता दिसत नाही.

"और बसेरा में नईं जाने का?" आईने विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

"बे आहें तो हमें कहाँ ढूँढ़हें?"

ते आले तर मला कुठे शोधतील? आईने डोळे पुसले आणि त्याचा राग काढायला तिला आत्या सापडल्या. "पाहून काय राहिल्या? चला दवाखान्यात!"

पहिल्या दवाखान्यात म्हातारा नव्हता, दुसऱ्यात सापडला. पुरुषांच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या गादीवर, पायाला प्लास्टर. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा की माझी घरवाली तिलवाऱ्याला बसली आहे, आणि लोकांना वाटायचं म्हातारा भ्रमात बोलतोय. त्याला सोडायला दवाखाना कधीचा तयार होता, पण न्यायला कुणी नव्हतं आणि पत्ता नव्हता. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पता?"

आत्या समजावून सांगायला लागल्या की पत्ता नसणं हाच तर त्यांचा विषय आहे. आईने त्यांना कोपराने बाजूला सारलं.

"लिखो, चेरीताल."

"आप मरीज़ की कौन लगती हैं?"

"मकान मालकिन," आई म्हणाली.

रैनबसेऱ्यात पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. म्हातारी म्हणाली, इतक्या दिवसांनी सापडलेत, आता भिंतीपलीकडे ठेवणार नाही. तेव्हा आमच्या मागच्या कोठीतले डबे निघाले, बाज पडली आणि दोघं तिथे राहायला आली. मराठी, एकटा, पाहुणे नको, या अटींपैकी एकही शिल्लक राहिली नाही. मांस-मच्छीची तेवढी आईने शेवटपर्यंत लावून धरली.

आत्यांनी भोपाळला खरं काय ते कळवलं. आमची शिडी उलटी धरली गेली, तिलवाऱ्याची माणसं तुम्हाला वाटतात तशी दुःखी नाहीत. तिकडून फोन आला. त्या बोलत होत्या ते मी ऐकलं.

"नहीं सर, झूठ नहीं बोल रहे वो लोग... हाँ, घर नहीं है, फिर भी... अच्छा, तो खाट वापस ले लेंगे?" मग आत्यांचा आवाज असा चढला की आई चमचा हातात घेऊन जिन्याच्या तळाशी आली. "सर, ठंड किसी से पूछके नहीं लगती कि तू सुखी है या दुखी! सुखी आदमी को भी खाट लगती है!"

खाटा राहिल्या. पुढे भांडून भांडून आत्यांनी रैनबसेऱ्यात नवरा-बायकोसाठी एक पडदा लावलेली खोलीही मिळवली. म्हातारा-म्हातारी तिकडे गेली त्या दिवशी आई कोठीत डबे परत लावत होती आणि उगीचच प्रत्येक डबा आपटत होती. आजही ती दोघं तिलवाऱ्याला दिवे विकतात. बसतात खालच्या पायरीवर.

त्यानंतर आत्यांनी शिडी कायमची सोडली. तिच्याऐवजी नवीन प्रश्न तयार केला आणि तो मला पाठ करायला लावला. "कोणत्या पायरीवर बसला, हे विचारायचंच नाही कुणाला. तिथून काय दिसतं ते विचारायचं. मग तोच सांगंल काहून बसला ते."

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची बदली छिंदवाड्याला झाली. निघायच्या दिवशी गल्लीत ही गर्दी. कोपऱ्यावरचे रिक्षावाले गृहस्थ, स्टेशनचे हमाल, रेशनकार्डवाल्या काकू. प्रत्येकाने पोटाची काळजी घ्यायला सांगितलं. आई बाहेर आली नाही. गॅसवर दूध आहे म्हणाली. आत्या आत जाऊन वाकल्या तेव्हाही तिने वर पाहिलं नाही, फक्त म्हणाली, "दर महिन्याला सोडा म्हटलं तेव्हा सोडली नाही. आणि आता सोडून राहिल्या."

आत्या म्हणाल्या, "हाव, वहिनी." आणि छत्री काखेत मारून बाहेर पडल्या.

त्यांना गाडीत बसवून मी घरी आले. स्वयंपाकघरात आई नव्हती, मागे नव्हती, कोठीत नव्हती. घाबरून हाका मारल्या. तेव्हा वरून आवाज आला. आई जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होती. ते गुडघे घेऊन ती कशी चढली ते तिलाच ठाऊक. आत्यांचा मोढा त्या पायरीवर मांडून ती त्यावर बसली होती.

वर काहून गेली, कशी गेली, गुडघ्याचं काय, असे सतरा प्रश्न माझ्या तोंडावर आले होते. मी ते गिळले, जिना चढले, तिच्या पायाशी बसले आणि थोडा वेळ गप्प राहिले. आईने काही विचारलं नाही. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"आई, इथून काय दिसतं?"

"गल्लीचं वळण," आई म्हणाली. "मोढा विसरली ती. घ्यायला आली, तर इथून आधी दिसंल."